जोखीम: सव्वा महिन्यापुढची

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने आले की चेणे लागते. काही पाट्यांवर चेणे, काहींवर चेना. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये जुने गाव आणि आदिवासी पाडे. हद्द मात्र मीरा-भाईंदर महानगरपालिकेची. इथल्या गरोदर बाईला मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड देशभर मिळते तेच. २०१६ मध्ये प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान सुरू झाले, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी ठरली, आणि त्या कार्डांवर रंगीत स्टिकर आले. हिरवा म्हणजे सारे ठीक. लाल म्हणजे धोका मोठा. गरोदरपणात रक्तदाब चढलेला असेल तर निळा, मधुमेह किंवा थायरॉइडसारखा जोडीचा आजार असेल तर पिवळा. हिरव्याखेरीज दुसरा स्टिकर लागलेल्या बाईला सरकारी मराठीत नाव आहे ‘अतिजोखमीची माता’.

जड वाटतो हा शब्दप्रयोग, पण त्यातली ‘जोखीम’ फार जुनी आणि फार मोलाची आहे. जोखणे म्हणजे तोलणे, तेव्हा जोखीम त्यातूनच निघाली असेल असे कानाला वाटते. व्युत्पत्तीचे अभ्यासक मात्र तिला थेट ‘योगक्षेमा’पाशी नेतात. योग्याचा जोगी झाला, क्षीराची खीर झाली, तसा योगक्षेम झिजत झिजत जोखीम झाला. योग म्हणजे जे नाही ते मिळवणे, क्षेम म्हणजे जे आहे ते राखणे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात हाच शब्द आहे आणि विम्याच्या कामाला तो नेमका लागू पडतो. कल्याणाचा शब्द धोक्याचा कसा झाला? राखण्यासारखे काही असते तिथेच गमावण्याचे भय असते, म्हणून. व्यापाऱ्यांच्या बोलीत जोखीम म्हणजे अजूनही सोने-नाणे, जवळचा ऐवज. ‘प्रवासात अंगावर जोखीम नको’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात तेव्हा त्यांना दागिने म्हणायचे असतात. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली, हिशेब देऊन परत करायची वस्तू, हा या शब्दाचा गाभा.

या अर्थाने अतिजोखमीची माता म्हणजे फार मोलाचा ऐवज सांभाळणारी बाई. तो ऐवज म्हणजे पोटातले मूल, असे आपण सगळेच धरून चालतो. मूल सुखरूप हाती आले की जोखीम उतरली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. त्यानंतर बाळाचे लसीकरण चालू राहते आणि आईचा रकाना संपतो. बाईचे शरीर हाही एक सोपवलेला ऐवज आहे आणि त्याची जोखीम ४२व्या दिवशी उतरत नाही. गरोदरपणात चढलेली साखर, चढलेला रक्तदाब, दिवस भरण्याआधी झालेली प्रसूती, अपुऱ्या वजनाचे मूल या साऱ्यांचा त्या बाईच्या पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी संबंध आहे. वैद्यकात आता यावर वाद उरलेला नाही. आपल्या शब्दांत ही गोष्ट कुठे आहे आणि कुठे हरवली, ते पाहण्यासाठी हे टिपण.

बेचाळीस हा आकडा नवा नाही. जागतिक आरोग्य संघटना मातामृत्यू मोजते तोही प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांपर्यंत. आपल्या घरातला हिशेब सव्वा महिन्याचा, म्हणजे सदतीस-अडतीस दिवसांचा. सुश्रुताने सूतिकेचा काळ दीड महिन्याचा धरला आहे, किंवा मग पुन्हा पाळी सुरू होईपर्यंत. इतक्या वेगवेगळ्या परंपरा एकाच ठिकाणी येऊन थांबतात याला कारण आहे. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण तेवढेच दिवस लागतात. गर्भाशयापुरता हा हिशेब चोख आहे. आपण तो सबंध बाईला लावला. काश्यपसंहितेत हा काळ सहा महिन्यांपर्यंत नेला आहे, शरीरातले धातू पूर्ववत होण्याला इतका वेळ लागतो म्हणून. मला हा काश्यपांचा हिशेब अधिक शहाणा वाटतो, कारण तो एका अवयवापाशी थांबत नाही. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी.साठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. मराठी मुलखातल्या पहिल्या डॉक्टर बाईला आपल्या परंपरेतले हे सारे नीट मांडावेसे वाटले, याची आठवण ठेवायला हवी.

मराठीत बाळंत या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. बालवंत, बालवती याच घरातला तो, म्हणजे ‘जिला बाळ आहे ती’. आगरी बोलीत ळचा ल आणि णचा न होतो, म्हणून घोडबंदरच्या पट्ट्यात ‘बालंतीन’ असेही ऐकू येते. ओली बाळंतीण, बाळंतविडा, बाळंतखोली, बाळंतकाढा, बाळंतशोपा. हे सगळे शब्द सव्वा महिन्याचे सोबती. खोली पुन्हा घराला मिळते, काढ्याची बाटली संपते, उरलेल्या शोपा डब्यात राहतात. बाईच्या नावामागचे बाळंतीणपण सुटते आणि ती नुसती आई होते.

या गोतावळ्यात एक शब्द असा आहे की जो सव्वा महिना मानत नाही: बाळंतरोग. बाळंतपणात जडलेले आणि पुढे रेंगाळणारे दुखणे. जुन्या पिढीच्या बोलण्यात हा शब्द सारखा येई. एखादी बाई दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर खंगत गेली, अंगात कसर राहिली, तर ‘तिला बाळंतरोग लागला’ म्हणत. त्यात क्षय असे, रक्तक्षय असे, जंतुसंसर्ग असे. सगळे एकाच नावाखाली. ‘ती बाळंतपणातून उठलीच नाही’ हे वाक्यही त्याच काळातले, आणि त्याचा अर्थ नेहमी मृत्यू असा नव्हता. बाई हिंडत-फिरत असे, चूल सांभाळत असे, तरी पूर्वीची राहिलेली नसे. प्रतिजैविके आली, रक्त चढवण्याची सोय झाली, दवाखान्यात प्रसूती होऊ लागल्या आणि हा शब्द आपल्या बोलण्यातून गेला. जाणारच होता, कारण त्याच्या पोटात अज्ञानही होते. पण त्याच्यासोबत एक खरे निरीक्षणही गेले, की बाळंतपण बाईच्या अंगात वर्षानुवर्षे राहू शकते.

आज त्याच्या जागी जे बोलले जाते ते असे: ‘तेव्हा मला शुगर होती, बाळंत झाले नि गेली.’ चेण्यात ऐका, भाईंदरच्या बाजारात ऐका, पुण्याच्या कुठल्याही सोसायटीत ऐका. वाक्य हेच. ‘गेली’ या क्रियापदात सारा घोटाळा आहे. साखर उतरली हे खरे. ती का चढली होती, ते कारण गेलेले नसते.

इथे ‘वार’ या शब्दाकडे यावे लागते. मूल जन्मल्यावर नाळेसह जी पडते ती वार. गाई-म्हशींच्या बाबतीत तिला जार म्हणतात, आणि हा जार संस्कृतातल्या जरायूपासून आला. जरायूचा संबंध कोशकार झिजणे, जीर्ण होणे या अर्थाच्या धातूशी लावतात. सापाची कात हाही त्या शब्दाचा एक अर्थ. जरा म्हणजे म्हातारपण, तेही त्याच मुळातले. नऊ महिन्यांत जन्मून, वाढून, जून होऊन पडणारा हा एकच अवयव. सुइणी मुलाइतकीच वारेची वाट पाहत. वार पडली की बाई सुटली, अडकली की जिवावर बेतले. वार अंगणात नाहीतर परसात पुरण्याची रीत होती, हळद-कुंकू वाहून. त्या मांसाच्या गोळ्याला इतका मान का, याचे उत्तर आता शरीरशास्त्र देते.

वार पोटातल्या बाळासाठी आईच्या रक्तातून साखर ओढून घेते. पुरवठा कमी पडू नये म्हणून ती काही संप्रेरके सोडते, आणि त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. मग आईच्या स्वादुपिंडाला एरवीपेक्षा दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करावे लागते. बहुतेकींचे स्वादुपिंड ते करते. ज्यांच्याकडे ती राखीव ताकद कमी असते, त्यांची साखर चढते. हाच गरोदरपणातला मधुमेह. वार पडली की तो ताण सरतो आणि साखर खाली येते. राखीव ताकद तेवढीच राहते. पुढे वय वाढते, वजन वाढते, पुन्हा ताण येतो आणि साखर चढते. या वेळी उतरत नाही.

ही गोष्ट संशोधकांना पहिल्यापासून माहीत होती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६४ मध्ये बोस्टनमध्ये जॉन ओ’सुलिव्हन आणि क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर बायकांच्या रक्तशर्करेवरून गरोदरपणातल्या मधुमेहाच्या सीमारेषा ठरवल्या. या रेषा आखताना त्यांनी पाहिले ते, बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कोणत्या आकड्यापासून वाढते. म्हणजे या रोगाची मूळ व्याख्याच आईच्या भविष्यावरून झाली. पुढे प्रसूतिशास्त्राने तो शब्द हाती घेतला आणि लक्ष बाळाच्या वजनाकडे, अवघड प्रसूतीकडे वळले. ते लक्ष योग्यच होते. आई मात्र व्याख्येतून हळूहळू निसटली.

‘मधुमेह’ हा शब्दही लक्षणावरून पडलेला आहे. मेह म्हणजे स्रवणे, मूत्र; मेघ या शब्दाची फोड निरुक्तकार यास्कांनी याच मिह् धातूवरून केली आहे, वर्षाव करणारा तो मेघ. गोड लघवीचा रोग तो मधुमेह. गरोदरपणातल्या मधुमेहात अनेकदा काहीच लक्षण नसते, लघवीवरून कळत नाही, म्हणून रक्त तपासावे लागते. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला तर मधुमेह धरतात. उपाशीपोटी यावे लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत भारतात रुजवली, आणि १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस गरोदरपणातील मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. पाड्यावरून दूरच्या दवाखान्यात येणाऱ्या बाईला उपाशी बसवून ठेवायचे नाही, हा विचार ज्याने केला त्याला माणसे कळत होती.

२००९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या आढाव्यात निष्कर्ष होता की गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सातपट असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बायकांना काही वर्षांनी पुन्हा बोलावून तपासले तेव्हा चार-पाच वर्षांतच त्यांतल्या निम्म्याच्या आसपास मधुमेही झालेल्या आढळल्या. आपल्या लोकांत मधुमेह लवकर आणि कमी वजनावरही होतो, हे याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या कामातून जगाला दाखवले. ‘ती तर काडीसारखी आहे, तिला कसली शुगर?’ हे वाक्य त्यामुळे महाराष्ट्रात तरी कुणी उच्चारू नये.

रक्तदाबाची गोष्ट शब्दांच्या बाजूने अधिक वळणावळणाची आहे. गरोदर बाईला अचानक झटके येणे, तिची शुद्ध हरपणे, याला मराठीत आकडी म्हणत. कित्येक घरांत ते बाहेरचे मानले गेले आणि आधी देवऋषी आला. ग्रीक वैद्यांच्या भाषेतून आलेला एक्लॅम्प्सिया हा शब्द मुळात ‘लखकन चमकणे’ या अर्थाचा. वीज चमकावी तसा अवचित येणारा, म्हणून. नंतर बराच काळ डॉक्टर टॉक्सिमिया म्हणत, रक्तात काही विष कालवले जाते या समजुतीने. ते विष कधी सापडले नाही आणि नाव मागे पडले. आता प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात: विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर, आणि बहुधा लघवीतून जाणारी प्रथिने. याचेही मूळ वारेत. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या वारेसाठी रुंदावायला हव्यात, त्या पुरेशा रुंदावत नाहीत. रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या सर्वांगातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते.

याची एक खूण मराठी बायकांच्या रोजच्या बोलण्यात आहे, सूज. ‘पोटुशी बाईच्या पायांना सूज येतेच’ म्हणून ती सोडून दिली जाते. सूज हा शब्द फुगणे या अर्थाच्या श्वि धातूच्या कुळातला. त्याच कुळात शोथ आहे आणि, अनेक अभ्यासकांच्या मते, शून्यही. फुगलेले म्हणून आतून पोकळ. पायांची थोडी सूज सर्रास असते, हे खरे. चेहरा आणि हात सुजले, डोके सारखे दुखू लागले, डोळ्यांपुढे चमकू लागले, बरगडीखाली दुखले तर त्या सुजेला शून्य समजू नये, त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. आणखी एक शब्द इथे उपयोगी आहे, पहिलटकरीण. पहिल्या खेपेची बाई. प्रीएक्लॅम्प्सिया पहिल्या खेपेला अधिक होतो. पहिलटकरणीला जपण्याची आपली रीत या एका बाबतीत शास्त्राच्या अगदी बरोबर चालते.

‘बाळ आणि वार बाहेर आली की प्रीएक्लॅम्प्सिया बरा होतो’ असे वैद्यकाची पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आली. झटक्यांचा धोका काही दिवसांत सरतो, पण दुखावलेल्या अस्तराची आठवण राहते. २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार अशा बायकांना पुढे कायमचा रक्तदाब जडण्याची शक्यता साडेतीनपटीहून अधिक, हृदयविकाराची सुमारे दुप्पट आणि पक्षाघाताचीही दुपटीच्या जवळ. २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने बायकांच्या हृदयविकाराची जोखीम मोजताना गरोदरपणातले हे आजार अधिकृतपणे यादीत घेतले. दुप्पट म्हणजे झालाच असे नव्हे. या बायकांतल्या पुष्कळजणी शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. पण पन्नाशीत छातीत दुखते म्हणून आलेल्या बाईला ‘तुमची बाळंतपणे कशी झाली?’ असे विचारण्याला हे कारण पुरेसे आहे. विडी ओढता का, हे विचारतात. वडिलांना काही होते का, हे विचारतात. हे मात्र विचारत नाहीत.

गरोदर बाई आणि हृदय यांची जोडी आपल्या भाषेने फार पूर्वी लावली होती. डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या दोहदापासून आला आणि दोहदाचा संबंध दोन हृदये असण्याच्या स्थितीशी लावला जातो. सुश्रुत सांगतो की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून ती बाई दोन हृदयांची, आणि तिच्या इच्छा डावलू नयेत. ‘दोन जीवांची’ हे आपले रोजचे शब्द त्याच कल्पनेचे. त्या दोन हृदयांतले एक जन्मून बाहेर आले की सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. दुसऱ्याकडे पाहायचे राहून जाते.

अजून एक जोडशब्द. जन्माचा विटाळ म्हणजे सोयर, मृत्यूचा म्हणजे सुतक. संस्कृतात सूतक म्हणजे मुळात जन्माशीच जोडलेली अशुद्धी, सू म्हणजे प्रसवणे या धातूवरून. सुईण त्याच गोताची. मराठीत सूतक मृत्यूकडे गेले आणि जन्मासाठी सोयर उरले. दोन्ही मिळून ‘सोयरसुतक’ झाले, आणि ज्याच्याशी आपला काही संबंध नाही त्याचे आपल्याला सोयरसुतक नाही असे म्हणू लागलो. प्रसूतीचा विभाग बाईला घरी पाठवतो; मधुमेहाचा, हृदयाचा विभाग तिला वीस वर्षांनी भेटतो. दोघांच्या कागदांचे एकमेकांशी सोयरसुतक नसते. मध्ये दुवा असतो तो त्या बाईच्या आठवणीचा, आणि एखाद्या आशाताईच्या वहीचा. चेण्यासारख्या ठिकाणी तर प्रसूती एका गावात, माहेर दुसऱ्या, नंतरचा दवाखाना तिसऱ्या. कार्ड घर बदलताना हरवते, नाहीतर पावसाळ्यात भिजते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की अतिजोखमीची माता हा शब्द ४२व्या दिवशी खोडू नये. तो त्या बाईच्या पुढच्या प्रत्येक केसपेपरवर यावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. गरोदरपणात साखर चढली असेल तर प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची चाचणी करावी, आणि ती ठीक आली तरी पुढे आयुष्यभर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहावे. रक्तदाब चढला असेल तर तो वर्षातून एकदा तरी मोजावा. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांत पुढचा मधुमेह कमी आढळतो. चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि गरज पडल्यास औषध यांनी अशा बायकांतला मधुमेह निम्म्यावर आणता येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले आहे. डिंकाचे, मेथीचे लाडू प्रेमाने बांधले जातात; साखर चढलेल्या बाईसाठी ते बांधण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावे.

वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आईला, बहिणीला, सासूला, बायकोला विचारावे: गरोदर असताना शुगर सांगितली होती का, बीपी चढला होता का, बाळ दिवसांआधी झाले होते का? उत्तर ‘हो’ असेल तर ते साल घालून कागदावर लिहून ठेवावे, आणि पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने डॉक्टरकडे जाताना तो कागद त्यांच्यापुढे ठेवावा.